ॲनील केल्यावर रेझिस्टन्स आधी वाढला, मग घटला: भट्टीत नेमकं होतं काय?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुंबईतल्या एका कॉलेजात एम.एस्सी.चा प्रकल्प चालू आहे. टिन क्लोराइडचं द्रावण ३५० अंशांवर तापवलेल्या काचेच्या स्लाइडवर फवारून टिन ऑक्साइडची फिल्म केली. तशीच मोजली तर रेझिस्टन्स ४० किलोओहम. हवेत तासभर ४०० अंशांवर ॲनील केल्यावर, म्हणजे भट्टीत तापवत ठेवून मग निववल्यावर, २ मेगाओहम, ५०० वर ८ मेगाओहम आणि ६०० वर मात्र ९०० किलोओहम. परीक्षक म्हणाले, ॲनीलिंगने स्फटिकता सुधारते, म्हणजे वाहकता वाढायला हवी. तुमचे आकडे उलटे आहेत, पुन्हा मोजा. आता विचारणा अशी की चूक कुणाची, आणि गॅस सेन्सरसाठी कुठलं तापमान धरायचं.

पहिल्या तीन आकड्यांत मला चूक दिसत नाही. चौथ्याबद्दल शंका आहे, तिच्याकडे नंतर येतो. परीक्षकांचं वाक्यही खोटं नाही, फक्त ते दुसऱ्या गल्लीतलं आहे. हेच टिन ऑक्साइड, हेच झिंक ऑक्साइड पारदर्शक वाहक म्हणूनही वापरतात, सोलर सेलच्या आणि टचस्क्रीनच्या कामात. तिथे रेझिस्टन्स जितका कमी तितकं बरं, म्हणून ती मंडळी निर्वातात नाहीतर हायड्रोजन मिसळलेल्या नायट्रोजनमध्ये ॲनील करतात आणि त्यांची वाहकता खरंच वाढते. आपण हवेत ॲनील करतो. तापमान तेच, वेळ तोच, पण भट्टीतली हवा वेगळी आणि निकाल उलटा. शोधनिबंध वाचताना तापमानाचा आकडा टिपून घ्यायचा आणि कुठल्या वायूत तापवलं ती ओळ सोडून द्यायची, ही सवय मी वीस वर्षं बघतोय. माझीही होती.

आता मुळाकडे जाऊ. टिन ऑक्साइडची बँड गॅप, म्हणजे बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा, साधारण ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. अगदी शुद्ध आणि प्रमाणबद्ध असेल तर तो जवळजवळ विद्युतरोधकच. तुमच्या फिल्ममधून वीज वाहते ती त्याच्या दोषांमुळे. स्फटिकाच्या अणूंच्या जाळीत जिथे ऑक्सिजन असायला हवा तिथे नसतो आणि अशी प्रत्येक रिकामी जागा दोनपर्यंत इलेक्ट्रॉन मोकळे सोडू शकते. ३५० अंशांवर घाईघाईने फवारलेल्या फिल्ममध्ये अशा जागा भरपूर असतात. ती हवेत ४००-५०० अंशांवर तासभर ठेवली की हवेतला ऑक्सिजन आत शिरून त्या जागा बुजवतो, मोकळे इलेक्ट्रॉन कमी होतात, रेझिस्टन्स चढतो. ४० किलोओहमचे २ मेगाओहम होण्यात याचा वाटा मोठा आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर चिमूटभर झिंक ऑक्साइडची पांढरी पूड परीक्षानळीत तापवा. पिवळी पडते, थंड झाली की परत पांढरी. तापल्यावर थोडा ऑक्सिजन सोडते, निवताना परत घेते. शाळेत हा प्रयोग रंगाची गंमत म्हणून दाखवतात. आमच्या धंद्यातला अर्धा अभ्यासक्रम त्या परीक्षानळीत आहे, कारण निवताना ऑक्सिजन परत घ्यायला त्या पुडीला वेळ मिळाला की नाही, यावर तिची वाहकता ठरते.

तुमच्या बाबतीत दुसरा एक चोर आहे, त्याचं नाव क्लोरीन. टिन क्लोराइडपासून केलेल्या फिल्ममध्ये थोडं क्लोराइड राहतंच. ते ऑक्सिजनच्या जागी जाऊन बसलं की इलेक्ट्रॉन देतं, म्हणजे न मागता केलेलं डोपिंग (वाहकता बदलणारी भेसळ). तापवल्यावर ते हळूहळू निघून जातं आणि रेझिस्टन्स आणखी वर जातो. फवाऱ्याची फिल्म धुऊन याचा पत्ता लागत नाही. पण सोल-जेलने (द्रावणाचा आधी जेल करून) किंवा अवक्षेप काढून पूड करणाऱ्यांसाठी सोपी खूण आहे: धुतलेलं पाणी परीक्षानळीत घ्या, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. दुधाळ ढग आला तर अजून धुवा. पाणी काळ्या कागदासमोर धरून बघा, पांढऱ्या टाइल्ससमोर तो ढग दिसत नाही. आमच्याकडे एका मुलाने टाइल्ससमोर बघून चार धुण्यांतच ‘स्वच्छ’ लिहून टाकलं होतं. त्या पुडीच्या सेन्सरचा बेस रेझिस्टन्स, म्हणजे गॅस नसताना स्वच्छ हवेतला रेझिस्टन्स, पुढे तीन महिने सरकत राहिला.

इथवर एकच बाजू झाली. फिल्म म्हणजे एकसंध पत्रा नव्हे, एकमेकांना चिकटलेल्या बारीक कणांची ती रास असते. इलेक्ट्रॉनला या टोकापासून त्या टोकाला जायचं तर दर कणाच्या सीमेवर एक उंबरठा ओलांडावा लागतो. तो उंबरठा बांधतो हवेतलाच ऑक्सिजन. तो कणाच्या पृष्ठभागावर येऊन बसतो आणि आतला इलेक्ट्रॉन ओढून घेतो. साधारण १५० अंशांखाली तो रेणूच्या रूपात एक इलेक्ट्रॉन धरून बसतो, त्याच्या वर ४०० च्या आसपासपर्यंत अणूच्या रूपात. इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर अडकले की कणाच्या कडेचा थर रिकामा होतो आणि सीमेवर विद्युतदाबाची भिंत उभी राहते. कार्बन मोनॉक्साइड किंवा एलपीजीसारखा वायू आला की त्या ऑक्सिजनशी त्याची प्रक्रिया होते, अडकलेला इलेक्ट्रॉन आत परततो, भिंत खाली येते, रेझिस्टन्स पडतो. सेन्सर म्हणतात तो एवढाच.

ही भिंत किती नाजूक असते त्याचा हिशोब करून बघा. ३०० अंश सेल्सिअसला, म्हणजे ५७३ केल्विनला, बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान येतं साधारण ०.०४९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. वाहकता भिंतीच्या उंचीवर घातांकाने अवलंबून असते. भिंत फक्त ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टने खाली आली तर वाहकता साडेसात पट होते. रिकाम्या जागांची संख्या तीच, फिल्म तीच, जाडी तीच, आणि आकडा साडेसात पट. म्हणून कुणी नुसत्या रेझिस्टन्सवरून ‘ऑक्सिजनच्या जागा कमी झाल्या’ असं लिहिलं की मी विचारतो, सीमेवरची भिंत वाढली नाही कशावरून? हे दोन वेगळे करायला हॉल परिणामाचं मोजमाप लागतं, ज्यात वाहकांची संख्या आणि त्यांची चाल वेगवेगळी कळते. मेगाओहमच्या फिल्मवर ते मोजमाप कटकटीचं आहे, हेही सांगून ठेवतो. नाही जमलं तर निष्कर्षात दोन्ही शक्यता लिहा, त्यात कमीपणा नाही.

तापमान आणखी वाढवलं की कण वाढू लागतात. लहान कण मोठ्यात विलीन होतात, दोन कणांमधली मान जाड होते, वाटेतले उंबरठे कमी होतात. इथे परीक्षकांचं वाक्य लागू पडतं: स्फटिकता सुधारली, इलेक्ट्रॉनची चाल सुधारली, रेझिस्टन्स उतरला. म्हणजे एकाच भट्टीत दोन हात उलट दिशांना ओढत असतात. एक वाहकांची संख्या कमी करतो, दुसरा त्यांची वाट मोकळी करतो. ४००-५०० ला पहिला जिंकतो, त्यापुढे कधीतरी दुसरा. कुठे पलटी होते ते फिल्मच्या जाडीवर, डोपिंगवर, कण किती घट्ट बसलेत त्यावर अवलंबून असतं. तुमचा आलेख वर जाऊन खाली येतो तो या दृष्टीने अगदी ओळखीचा आहे.

आणि इथेच सेन्सरवाल्याची खरी अडचण सुरू होते. कडेचा रिकामा थर टिन ऑक्साइडमध्ये कामाच्या तापमानाला सुमारे ३ नॅनोमीटर खोल असतो. कणाचा व्यास ६ नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल तर दोन्ही बाजूंचे थर मध्ये भेटतात आणि अख्खा कणच वायूच्या हुकमात येतो. जपानमध्ये यामाझोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे मोजून दाखवलं: कण या मर्यादेखाली आला की संवेदनशीलता झपाट्याने चढते. याचा सरळ अर्थ असा की ॲनीलिंगने कण मोठे करून वाहकता वाढवलीत, तर सेन्सर म्हणून फिल्म बोथट होण्याची शक्यता जास्त. कणाचं पोट इतकं मोठं होतं की पृष्ठभागावर काय चाललंय त्याची त्याला फारशी दखल राहत नाही.

कण किती वाढले ते एक्स-रे डिफ्रॅक्शनमधून काढता येतं. टिन ऑक्साइडचं पहिलं मोठं शिखर तांब्याच्या किरणांनी २६.६ अंशांना येतं. त्याची अर्ध्या उंचीवरची रुंदी १ अंश असेल तर शेररच्या सूत्राने (शिखराच्या रुंदीवरून कणाचा आकार देणाऱ्या) कण साधारण ८ नॅनोमीटरचा, ०.४ अंश असेल तर २० चा. उपकरणाची स्वतःची रुंदी वजा करायला विसरू नका, नाहीतर कण आहेत त्याहून लहान दिसतील आणि तोंडी परीक्षेत तिथेच धरलं जाईल.

आता ६०० चा नमुना. तुम्ही एका ओळीत लिहून गेलात की ६०० ला काच वाकली म्हणून तो एक नमुना ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या सिरॅमिक) पट्टीवर केला. अहो, सगळी गोम तिथेच आहे! साधी काच साधारण ५१०-५५० अंशांच्या पट्ट्यात अंगातला ताण सोडू लागते, ६०० ला ती स्वतःच्या वजनाने झुकते. म्हणजे तुमच्याकडे तीन नमुने काचेवर आहेत आणि चौथा खडबडीत ॲल्युमिनावर, जिथे फवारा वेगळा बसतो, जाडी वेगळी होते. शिवाय साध्या काचेत सोडियम भरपूर असतं. ४००-५०० ला तासभर ठेवलं की ते काचेतून वर फिल्ममध्ये झिरपतं आणि टिन ऑक्साइडची वाहकता बिघडवतं. तुमच्या ८ मेगाओहममधले काही सोडियमने वाढवलेले असणार. ॲल्युमिनावर तो त्रास नाही. मग ९०० किलोओहम हा ६०० अंशांचा परिणाम आहे, की पट्टी बदलल्याचा? या आकड्यांवरून सांगता येणार नाही. चारही नमुने ॲल्युमिनावर किंवा क्वार्ट्झवर पुन्हा करा. काच फक्त फवाऱ्याचा सराव करायला ठेवा.

आणखी एक विचारतो. चारही मोजमापं खोलीच्या तापमानाला, उघड्या टेबलावर केलीत ना? आणि तारखा जूनच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंतच्या आहेत. मुंबईत या दिवसांत हवेत आर्द्रता ८५-९० टक्के असते. टिन ऑक्साइडच्या पृष्ठभागावर पाणी बसलं की ते ऑक्सिजनची जागा घेतं, हायड्रॉक्सिल गट तयार होतात आणि रेझिस्टन्स उतरतो. खोलीच्या तापमानाला तर पाण्याचा थरच थोडीफार वीज वाहून नेतो, तेव्हा तुम्ही टिन ऑक्साइड मोजताय की पाऊस मोजताय हे सांगणं कठीण. साधं पाणी शंभराच्या थोडं वर उडून जातं, पण हायड्रॉक्सिल गट चिवट. ते पूर्ण निघायला ४०० अंशांच्या आसपास जावं लागतं.

याचा फटका मी स्वतः खाल्लाय. अंधेरीच्या एमआयडीसीत एका लहानशा कारखान्यात होतो, गॅस अलार्म बनवायचो. एका पावसाळ्यात लक्षात आलं की काही तुकड्यांचा बेस रेझिस्टन्स बाकीच्यांच्या निम्मा येतोय. पूड तीच, पेस्ट तीच, भट्टीचा प्रोग्रॅम तोच. आठवडाभर आम्ही पुडीच्या नावाने बोटं मोडली. शेवटी भट्टीची वही उघडून तारखांवर बोट फिरवत गेलो तेव्हा दिसलं की सगळ्या वाईट तुकड्या शनिवारच्या. शनिवारी अर्धा दिवस. भट्टी सांभाळणारे काका विरारला राहायचे, दुपारची जलद गाडी सुटली की पुढची गर्दीची. मग ते भट्टी ३०० अंशांवर आली की दार उघडायचे, चिमट्याने ट्रे काढून टेबलावर ठेवायचे आणि निघायचे. इतर दिवशी ट्रे रात्रभर भट्टीतच निवायचा. शनिवारच्या ट्रेला निवताना कोरडी हवा मिळायचीच नाही, तापलेल्या पृष्ठभागावर थेट आषाढातली ओली हवा. ऑक्सिजनला बसायला जी जागा मिळायला हवी होती ती पाण्याने आधीच अडवलेली. आम्ही काकांना काही बोललो नाही. भट्टीला चार वाजता बंद होणारा टायमर बसवला आणि ट्रे सोमवारी काढायचा असं ठरवलं. सोमवारपासून आकडे जागेवर आले.

तेव्हापासून कुणी मला ‘५०० ला एक तास’ असं सांगितलं की मी विचारतो, वर किती वेगाने नेलं, खाली किती वेगाने आणलं, आणि दार किती अंशांवर उघडलं. ३००-४०० अंशांना ऑक्सिजनची देवाणघेवाण मुख्यतः पृष्ठभागावर चालते. कणाच्या पोटातल्या रिकाम्या जागा जिथल्या तिथे गोठलेल्या असतात, त्यांना हलायला त्याहून बराच जास्त ताप लागतो. म्हणून वरच्या तापमानावरून झटकन खाली आणलेली फिल्म वरच्या तापमानाचे दोष पोटात घेऊनच येते. सावकाश आणलेली फिल्म ते वाटेत मिटवत येते. निवण्याचा वेग निबंधात क्वचितच सापडतो, पण तुमच्या वहीत तो असायलाच हवा.

भट्टीच्या आकड्यावरही आंधळा विश्वास नको. मफल फर्नेसचा (आपल्या नेहमीच्या बंद विद्युत भट्टीचा) थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, मागच्या भिंतीला असतो आणि नमुना आपण दाराजवळ ठेवतो, कारण चिमटा तिथवरच पोचतो. पडद्यावर ५०० असताना दाराजवळ ४५० असू शकतात. एक के-टाइप थर्मोकपल नमुन्याच्या शेजारी टेकवून एकदा तपासून घ्या. अर्ध्या तासाचं काम. आणि त्याच भट्टीत कुणी मीठ किंवा सोडा घालून काही वितळवत नाही ना, तेही विचारून ठेवा, सोडियम तिथूनही येतं.

मोजायचं कसं, ते सांगतो. खोलीच्या तापमानाचे आकडे एका बाजूला ठेवा. ॲनील केलेला नमुना कोरड्या हवेत, मिनिटाला २-३ अंशांनी, ३० पासून ४०० अंशांपर्यंत न्या आणि तसाच खाली आणा, रेझिस्टन्स सतत नोंदवत. टिन ऑक्साइडमध्ये बहुधा असं दिसेल: आधी तापमानाबरोबर वाहकता वाढते, अर्धवाहक आहे म्हणून. मग साधारण २०० ते ४०० च्या दरम्यान ती उतरते किंवा सपाट होते, कारण रेणूच्या रूपातला ऑक्सिजन अणूच्या रूपात जाताना आणखी इलेक्ट्रॉन ओढतो. त्याच्या पुढे पुन्हा वर. मधला हा खळगा नवशिक्यांना प्रयोग बिघडल्याचं लक्षण वाटतो, आणि नेमका तिथेच सेन्सर काम करतो. वर जातानाची आणि खाली येतानाची रेषा पहिल्या फेरीत जुळणार नाही, पाणी उडतं म्हणून. दुसऱ्या फेरीत जवळ येतील. तिसरी आणि चौथी एकमेकींवर बसल्या तर समजा ॲनीलिंग पुरलं. चौथ्या फेरीलाही रेषा सरकत असेल तर फिल्म अजून शिजतेय, तिच्यावर गॅस सोडू नका.

अशा रेषेच्या सरळ भागावरून सक्रियण ऊर्जा, म्हणजे वाहण्यासाठी ओलांडावी लागणारी ऊर्जा, काढतात, रेझिस्टन्सचा लॉगॅरिदम विरुद्ध एक भागिले तापमान. काढा, पण पूर्ण ३० ते ४०० मध्ये एकच सरळ रेघ ओढू नका. खळग्यातून सरळ रेघ नेऊन काढलेली सक्रियण ऊर्जा मी छापील निबंधांत पाहिली आहे. त्या आकड्याला काही अर्थ नाही.

झिंक ऑक्साइड मोजणाऱ्यांसाठी एक आगाऊ सूचना: नमुना अंधारात ठेवा. उजेड पडला की त्याची वाहकता वाढते आणि दिवा बंद केल्यावरही कधीकधी तासन् तास वाढलेली राहते. खिडकीजवळच्या टेबलावर सकाळी एक आकडा आणि संध्याकाळी दुसरा येण्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

हे सगळं एन-टाइप ऑक्साइडबद्दल झालं, म्हणजे ज्यांत वीज मोकळ्या इलेक्ट्रॉनमुळे वाहते. निकेल ऑक्साइड, कॉपर ऑक्साइड हे पी-टाइप. तिथे वीज होलमधून, म्हणजे इलेक्ट्रॉन नसल्याने उरलेल्या धन जागांमधून, वाहते आणि होल येतात धातूच्या रिकाम्या जागांमुळे, म्हणजे ऑक्सिजन तुलनेने जास्त असल्यामुळे. निकेल ऑक्साइडची पूड याची चुगली रंगाने करते. कमी तापमानाला केलेली काळपट, वाहकता बऱ्यापैकी. खूप तापवली की जास्तीचा ऑक्सिजन सोडून पोपटी हिरवी होते आणि जवळजवळ वीज वाहत नाही. म्हणजे टिन ऑक्साइड ऑक्सिजन गमावून वाहक होतो, निकेल ऑक्साइड ऑक्सिजन गमावून रोधक. दोन्हींची मिश्रणं करायला निघालेल्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. मिश्रणाचा फायदाही मोठा असतो. टिन ऑक्साइडवर कॉपर ऑक्साइडचे ठिपके दिले की जागोजागी पी-एन जोड तयार होऊन रेझिस्टन्स चढतो. हायड्रोजन सल्फाइड आला की कॉपर ऑक्साइडचं सल्फाइड होतं, ते धातूसारखं वाहक, जोड कोसळतात आणि रेझिस्टन्स एकदम पडतो. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात यावर बरंच काम झालंय. जड पाण्याच्या काही कारखान्यांत हायड्रोजन सल्फाइड मोठ्या प्रमाणावर खेळवतात, त्यामुळे त्यांना याची गरजही होती.

तापमान कुठलं धरायचं या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. सेन्सर कामाला किती अंशांवर चालणार ते आधी ठरवा. समजा ३००. मग ॲनीलिंग त्याच्या किमान १५० अंश वर करा, म्हणजे ४५० ते ५००. कारण साधं आहे: कामाच्या तापमानाला फिल्ममध्ये पुढे काही बदलायला शिल्लक राहू नये. ३५० ला फवारून ३०० ला चालवायला घेतलेली फिल्म महिनोन् महिने स्वतःला ॲनील करत राहते आणि त्याला आपण ‘ड्रिफ्ट’ म्हणतो. उलट, ७०० ला नेऊन कण मोठे केलेत तर स्थिरता झकास मिळेल आणि संवेदनशीलता जाईल. शुद्ध टिन ऑक्साइडसाठी ४५०-५५० चा पट्टा मला व्यवहारात बरा वाटतो, तासभर नव्हे तर तीन ते पाच तास, कोरडी हवा हळू वाहती ठेवून, आणि १०० च्या खाली येईपर्यंत दार बंद. त्यानंतर इलेक्ट्रोड. चांदीची पेस्ट प्रयोगासाठी चालते, पण हायड्रोजन सल्फाइड मोजायचा असेल तर चांदी आधी काळी पडेल आणि तुम्ही तिचाच प्रतिसाद मोजत बसाल. तिथे सोनं किंवा प्लॅटिनम घ्या. सोन्याखाली चिकटण्यासाठी क्रोमियमचा थर दिला असेल तर तो जास्त तापमानाला सोन्यातून वर येतो, म्हणून असे इलेक्ट्रोड ॲनीलिंगनंतर.

आणि इलेक्ट्रोड झाल्यावरही लगेच मोजू नका. कामाच्या तापमानाला, मोजमापाचा व्होल्टेज लावून, दोन-तीन दिवस चालू ठेवा. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून शे-दोनशे रुपयांचा एमक्यू-२ हा तयार टिन ऑक्साइड गॅस सेन्सर आणून पाच मिनिटांत ‘सर, सेन्सर खराब निघाला’ म्हणणारी मुलं दरवर्षी भेटतात. त्या सेन्सरच्या माहितीपत्रकात २४ तासांहून जास्त प्रीहीट स्पष्ट लिहिलेलं असतं. आतला ३३ ओहमचा हीटर ५ व्होल्टवर पाऊण वॉट खातो, म्हणून डबी हाताला गरम लागते. वर्षभर पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून राहिलेल्या टिन ऑक्साइडच्या अंगावर मुंबईचं पाणी बसलेलं असतं आणि ते उडायला दिवस लागतो. त्याच्याच भावंडात, कार्बन मोनॉक्साइडच्या एमक्यू-७ मध्ये, तर हे चक्रच बांधून दिलंय: ६० सेकंद ५ व्होल्टवर पृष्ठभाग जाळून साफ करायचा, मग ९० सेकंद १.४ व्होल्टवर कार्बन मोनॉक्साइड मोजायचा. म्हणजे दर अडीच मिनिटांनी एक छोटी उष्णताप्रक्रिया. १९६२ मध्ये तागुचींनी जपानमध्ये टिन ऑक्साइडच्या सेन्सरचं पेटंट मागितलं ते घरगुती गॅसचे स्फोट टाळण्यासाठी. त्याच वर्षी सेइयामा आणि मंडळींनी झिंक ऑक्साइडच्या पातळ फिल्मवर हाच परिणाम दाखवला. दोघांनाही फिल्म तापवूनच वापरावी लागली, आणि साठ वर्षांनंतर आपणही तेच करतोय.

परीक्षकांना काय सांगायचं? आकडे मागे घेऊ नका. तीन ॲनील तापमानं, चारही नमुने ॲल्युमिनावर, कोरड्या हवेतल्या ३०० अंशांच्या रेझिस्टन्सचा एक स्तंभ, एक्स-रेवरून काढलेल्या कणांच्या आकाराचा दुसरा, आणि कुठल्या वायूत, किती वेगाने निववलं त्याचा तिसरा, असा तक्ता समोर ठेवा. जमलं तर एक नमुना ५०० ला नायट्रोजनमध्येही करा. त्याचा रेझिस्टन्स हवेतल्यापेक्षा बराच खाली आला, तर परीक्षकांचं वाक्य आणि तुमचे आकडे दोन्ही एकाच तक्त्यात बसतील. वाकलेली काच फेकू नका, तीही बरोबर न्या. पट्टी का बदलली असं कुणी विचारलंच, तर ती नुसती टेबलावर ठेवली तरी पुरे.